नुसतं फाइन म्हणायचं

परवा रस्त्यात दगडी कोळशाच्या शेगडीचा धूर नाकात गेला आणि कलकत्त्यातला माझा पहिला हिवाळा आठवला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. सियालदहजवळच्या एका मेसमध्ये राहत होतो. वर्गातल्या एकाने ‘हाऊ आर यू?’ विचारलं, तेव्हा मी खोकला, झोप, जेवण सगळं सांगत बसलो. खोलीतला बंगाली सोबती नंतर हसत म्हणाला, “अरे बाबा, तो काय डॉक्टर आहे? नुसतं फाइन म्हणायचं.” मग मी तेच म्हणू लागलो. पुष्कळदा दिवसभरात तेवढंच बोलणं होई. बागबाजारला आमच्या गावच्या एक काकू राहत. त्या गावी निघाल्याचं कळलं, तसा मी संध्याकाळी चालत त्यांच्याकडे गेलो. मला इथं करमत नाही, मलाही घरी न्या, एवढंच सांगायचं होतं. काकू ट्रंक भरत होत्या. मान वर करून म्हणाल्या, “कसा आहेस रे?” किती दिवसांनी कुणीतरी मराठीत विचारत होतं. “फाइन,” मी म्हणालो. काकू खूश झाल्या. “साहेब झालास की. आता तुझ्या आईला सांगते, पोराची काळजी सोड म्हणून.” मी काही बोलणार, तोच ट्रंकेचं झाकण लागेना म्हणून त्यांनी मला त्यावर बसायला सांगितलं. मी बसलो आणि त्यांनी कडी लावली. त्या निरोपावर आईने ते वर्ष निर्धास्त काढलं. मी काकूंकडे कशाला गेलो होतो, ते तिला अजून सांगितलेलं नाही.