दुपारची तपासणी

बोळिंजला फ्लॅट घेऊन आम्ही राहायला आलो, त्याच वर्षी मला दिवस गेले. तपासणीसाठी मी जवळच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात जायचे. तिथल्या बाकावर शेजारी बसलेल्या एकीशी ओळख झाली. ती गावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातली, वाडीत मोगरा आणि चाफा लावणारी. आमच्या मुली एकाच महिन्यात झाल्या आणि माझी सायकल सारखी तिच्या वाडीकडे वळू लागली.

पुढे तिच्या धाकट्या जावेला सातव्या महिन्यात झटके आले. जाऊ वाचली, मूल गेलं. जावेचा रक्तदाब वाढल्याचं कुणाला कळलंच नव्हतं. गरोदर बायकांची तपासणी सकाळी असायची आणि दुपारी बाराला दार बंद व्हायचं. वाडीतल्या बायका त्या वेळी फुलं विकायला दादरला गेलेल्या असत. माझी मैत्रीण स्वतः तपासणीला येऊ शकली होती, ती केवळ तिच्याऐवजी सासूने फुलांची पाटी उचलली म्हणून.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दवाखान्याने गावातून स्वयंसेविका मागितल्या. आम्ही दोघींनी नावं दिली. पहिल्याच बैठकीत डॉक्टर म्हणाले, "तुमचं काम एवढंच, बायकांना समजावून इथे आणायचं. त्यांना स्वतःच्या तब्येतीची पर्वा नसते."

ती उभी राहिली. "समजवायचं कुणाला, साहेब? तपासणी दुपारी ठेवा, मग बघा कोण येत नाही ते."

"वेळ वरून ठरते, बाई."

"मग वरच्यांना एकदा आमच्या वाडीत पाठवा."

डॉक्टरांनी विषय बदलला. पुढच्या आठवड्यात आरोग्य शिबिर होतं, पाहुणे येणार होते आणि मांडव भरायची जबाबदारी आमच्यावर होती. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "एकीलाही आणायचं नाही."

"आणायचं," ती म्हणाली. "पण आपल्या वेळेला."

शिबिराच्या सकाळी पाहुण्यांनी रिकाम्या खुर्च्यांसमोर भाषण केलं. दुपारी तीनला, मांडव उतरवत असताना, आम्ही बायका घेऊन पोचलो. पार शेजारच्या गास गावापासूनच्या बायका होत्या, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या साडीला अजून वाडीतली माती.

"शिबिर संपलं," डॉक्टर ओट्यावरूनच म्हणाले.

"आमची सवड आत्ता सुरू झाली," मी म्हटलं. बायका ओट्यावर बसल्या. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी उठलंही नाही. शेवटी सिस्टरनी डॉक्टरांकडे न बघता रक्तदाबाचं यंत्र बाहेर आणलं.

गासच्या एका पोरसवदा बाईचे पाय सुजले होते. सिस्टरनी दाब मोजला आणि डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी पुन्हा मोजला. मग त्यांनी तिला दवाखान्याच्या जीपमधून मोठ्या रुग्णालयात नेलं, स्वतः सोबत बसून. ती आणि तिचं बाळ, दोघंही सुखरूप राहिली.

पुढच्या आठवड्यापासून तपासणी दुपारी सुरू झाली. वरची परवानगी बऱ्याच महिन्यांनी आली. डॉक्टर आमच्याशी गोड कधीच बोलले नाहीत, पण मग प्रत्येक बैठकीत आधी आम्हाला विचारू लागले. तपासणीच्या टेबलाला पडदा हवा, हेही आम्हीच सांगितलं आणि तो बसेपर्यंत सांगत राहिलो.

त्यांची बदली झाल्यावर नव्या डॉक्टरांनी वेळ पुन्हा सकाळची केली. आम्ही दुसऱ्याच दिवशी त्यांच्या खोलीत गेलो.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"इथल्याच," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. मीही बसले. आम्ही उठलो तेव्हा वेळ परत दुपारची झाली होती.