हरवणाऱ्यांसाठी टाळ्या

आपल्याला हरवणाऱ्यांसाठी रेणुका टाळ्या वाजवायची. मनापासून, तळहात लाल होईपर्यंत. मला याचा संताप यायचा. मी मैदान बचाव मोहिमेतली. आमच्याकडे विरोधकांसाठी घोषणा असतात, टाळ्या नव्हेत.

ती निपाणीची. इथे शहरात, आमच्या चामराजपेटेत मावशीकडे राहून रग्बी खेळायची. गुडघे कायम सोललेले. "लागलं काय गं?" विचारलं की म्हणायची, "जमिनीला विचार की!" एका व्यावसायिक संघाने तिला निवड चाचणीला बोलावलं होतं. जमलं तर खेळण्याचाच पगार! आणि नेमकं तेव्हाच वस्तीच्या मैदान समितीने मुलींचा सराव बंद करायचं काढलं. का? तर धक्काबुक्की मुलींना शोभत नाही. बसमध्ये शोभते, पाण्याच्या टँकरपाशी शोभते, फक्त मैदानावर शोभत नाही! मी त्याच दिवशी पत्रक काढलं.

बैठकीत आम्ही भांडलो आणि हरलो. समितीवाले उठले, तशी मी घोषणेसाठी मूठ वर केली. बघते तर रेणुका मुलींना दारापाशी दोन रांगांत उभं करतेय! समिती मधून चालली आणि दोन्ही बाजूंनी टाळ्या.

"अगं, टाळ्या कसल्या वाजवतेस?" मी ओरडले.

"सामना संपला की समोरच्यांना असंच पाठवायचं. रग्बीत रीतच हाय ती. तू स्वल्प मूठ उघड की. मुठीनं टाळी वाजत न्हाई."

समितीचे अध्यक्ष बसवराज अण्णा रांगेच्या मधोमध थबकले. "चेष्टा करताय काय?"

"न्हाई अण्णा, तुम्ही जिंकलाय. आता हरलेल्यांबरोबर चहा घ्यायचा, ती पण रीत. आणि उद्या सकाळी आमचा शेवटचा सराव हाय, बघायला या की."

अण्णांनी चहा घेतला. सकाळी आलेही. रेणुकाने एका दांडग्या मुलीला कमरेत मिठी घालून आडवं केलं आणि लगेच हात देऊन उठवलं. पुढच्याच फेरीत त्या मुलीने रेणुकाला चिखलात लोळवलं, तसे अण्णा खुर्चीतून उठून ओरडले, "सरी, बरोबर! आता झाली फिट्टंफाट!"

पुढच्या बैठकीत अण्णांनीच भांडून मुलींना सकाळचं मैदान मिळवून दिलं. माझ्या पत्रकाबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही. असो.

चाचणीत रेणुका निवडली गेली. पगारी खेळाडू म्हणून ती पहिल्यांदा निघाली, त्या दिवशी मावशीच्या दारापासून ऑटोपर्यंत दोन रांगा उभ्या. ऑटोजवळच्या टोकाला माझ्याशेजारी बसवराज अण्णा.

"टाळ्या कशाला अण्णा? सामना संपला काय?" रेणुकाने विचारलं.

"छे! आत्ता सुरू झालाय."

मी सवयीने मूठ वर करून तिच्या नावाची घोषणा ठोकली. ती बॅग खाली ठेवून वळली, माझी मूठ धरली आणि एकेक बोट उलगडलं.

"आता वाजव."

मी वाजवली.

"जोरात!" अण्णा म्हणाले.