फोन वाजावा, उचलू नये

तहसील कचेरीच्या आवारात टेबल मांडून मी बऱ्याच वर्षांपासून अर्जनवीस म्हणून काम करीत आलो आहे. माझी शाळा नववीत सुटली; परंतु ज्यांची सुटली नाही असे कित्येक पदवीधर आपले म्हणणे कागदावर मांडून घेण्यासाठी माझ्याच टेबलासमोर बसतात, एवढे नमूद केले म्हणजे पुरे. बाजारातील मंडळी मला वकीलसाहेब म्हणून हाक मारतात. मीही ओ देतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या वहिनी आमच्या हिंगणी गावाहून मुद्दाम माझ्याकडे आल्या. माझे थोरले बंधू, ज्यांना मी दादा म्हणतो, हरभरा वर आला की रोज दिवस मावळताना वावरातल्या मचाणावर जागलीला, म्हणजे राखणीला, जातात आणि पहाटे घरी येतात. वावर जंगलाला लागून असल्यामुळे रानडुकरांचा कळप शिरला तर सकाळी पीक नांगरून टाकल्यासारखे दिसते. हा क्रम जुनाच होता. नवीन एवढेच होते की त्या आठवड्यात आमच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, वाघाची पावले उमटली होती.

"भाऊजी, त्याइले एक फोन घेऊन द्या," वहिनी म्हणाल्या. "पोचले का नाई पोचले, काई समजत नाई. रातभर डोयाले डोया लागत नाई माह्या. नाई तं मी बी मचानावर झोपाले जाईन, मंग दोघाइले बी वाघच पाहीन."

दादांचा फोनला विरोध होता, आणि तो निराधार नव्हता. पूर्वी त्यांच्याकडे फोन होता. त्यावर कर्ज घ्या, विमा काढा असे सांगणारे आवाज वेळीअवेळी येत. "वावरात डुकरं येत नाई तेवढ्या ह्या बाया येत होत्या फोनवर," असे म्हणून त्यांनी तो बंद करून टाकला होता. मी माझ्या पद्धतीने त्यांची समजूत काढली. अखेर ते तयार झाले, पण एका अटीवर.

"मी मचानावर चढलो का एक रिंग देईन. वाजली का समजजा, मी पोचलो, सारं ठीक हाय. उचलाचं नाई. आन् मले कोणं फोन कराचा नाई. फोन उचल्ला तं मी समजीन का घरी काई तरी झालं."

व्यवहार दोन्ही बाजूंना मान्य झाला. फोन मी घेऊन दिला. उरला प्रश्न सिमकार्डाचा, आणि तो मी स्वतःकडे घेतला. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी चौकशी करावी हा माझा नियम आहे. आजूबाजूच्या वावरवाल्यांना मी एकेक करून विचारले. कोणी म्हणाले विहिरीजवळ रेंज येते, कोणी म्हणाले बांधावरच्या पळसाखाली येते. दादांच्या मचाणावर मात्र एकाच कंपनीची रेंज मिळते आणि खाली उतरले की तीही जाते, असा निष्कर्ष निघाला. कंपनी ठरली. मग मी दादांना घेऊन बाजारातल्या सिमच्या दुकानात गेलो.

"वकीलसाहेब, वापर किती राहीन?" दुकानदाराने विचारले.

"दिवसाकाठी एक रिंग," मी म्हणालो. "संभाषण शून्य."

"मंग रोजच्या डेटाचं पॅक घ्या. सिनेमे बी पाहता येते."

"डुकरं पाहू का सिनेमा पाहू?" दादा म्हणाले.

जेवढा वापर तेवढेच पैसे, असे सिम मला हवे होते. जे बोललेच जाणार नाही त्याचा आकार कशासाठी, हा माझा मुद्दा होता आणि तो मी सविस्तर मांडला. दुकानदाराने ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "वकीलसाहेब, ते दिवस गेले. आता बॅलन्स पडून असला तरी मुदत सरली का आउटगोइंग बंद. मिस कॉल द्याले बी रिचार्ज चालू पाह्यजे." ज्या फोनवर कोणी बोलणार नाही त्याचीही मुदत संपते, हे मला आजतागायत पटलेले नाही. तथापि त्याच्या यादीतील फक्त बोलण्याचे, सर्वांत लहान पॅक मी निवडले.

त्याने आधार क्रमांक घेतला, दादांसमोर आपला मोबाइल धरला आणि सांगितले, "मामाजी, डोये मिचकवा."

"कायले? मी का पोरगी पाहाले आलो?"

"जिता माणूस हाय का नाई, ते पाह्यते मशीन."

"मंग माह्या बायकोले इचार म्हणा मशीनले," दादा म्हणाले, पण त्यांनी डोळे मिचकावले. दुपारपर्यंत सिम चालू झाले.

ही व्यवस्था माझ्या मार्गदर्शनाखाली उभी राहिली असल्यामुळे पहिल्या दिवशी मी हिंगणीला जातीने हजर राहिलो. दादा काठी, बॅटरी आणि नवा फोन घेऊन निघून गेले. वहिनींनी आपला फोन चुलीपासून दूर, पाटावर ठेवला आणि त्या भाकरी थापू लागल्या. त्यांचे लक्ष तव्यापेक्षा पाटाकडे अधिक होते. अंधार पडता पडता फोन वाजला. वहिनींचे दोन्ही हात पिठात होते. मी फोन उचलला.

येथे माझे म्हणणे स्पष्ट करतो. फोन वाजल्यावर तो उचलणे हा सभ्य माणसाचा रिवाज आहे. शिवाय व्यवस्था सुरू होत असताना दोन शब्द बोलले जावेत असे मला वाटले. मी म्हणालो, "हॅलो दादा, आवाज व्यवस्थित येतो आहे. आपले अभिनंदन."

पलीकडून एवढेच ऐकू आले, "काय झालं? काय झालं तिले?" आणि फोन कटला.

मी ताबडतोब उलट फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच.

"उचल्ला काऊन तुमी?" वहिनी पिठाच्या हातांनीच उठल्या. "उतरले ते मचानावरून. आता त्या रस्त्यानं पायी येऊन राह्यले असतीन. वाघाच्या रस्त्यानं!"

मी शेजाऱ्याची मोटारसायकल मागण्यासाठी निघालो, तर वहिनी म्हणाल्या, "तुमी नका जाऊ. पायवाटंनं येतीन ते, तुमी सडकंनं जासान, चुकामूक होईन." मग आम्ही दोघेही दारात उभे राहिलो. त्यांनी मला आणखी काही बोलावे असे मला वाटत होते. गल्लीच्या टोकाला कुत्रे भुंकले की त्या पायरीवरून एक पाऊल पुढे जात आणि पुन्हा मागे येत. मी आयुष्यात पुष्कळ लोकांच्या वतीने विनंती केली आहे. त्या वेळी कोणाकडे करावी हे मला सुचेना.

शेवटी बॅटरीचा उजेड दिसला. दादा जवळजवळ पळतच आले. धोतर काट्यांनी फाटले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. बॅटरी वहिनींच्या तोंडावर धरली, मग हातांवर, मग पायांवर.

"बरी हायेस ना?"

"मले काय धाड भरली? तुमच्या भावानं उचल्ला."

तेव्हा बॅटरी माझ्याकडे वळली. "तुले एकच गोष्ट सांगतली होती लेका. एक! साऱ्या तालुक्याचे कागद वाचतं, आन् माणसाचं बोलणं समजत नाई तुले?"

यावर देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ होते. एवढ्यात वहिनींनी ताट वाढले. गरम भाकरी, वांग्याची भाजी, वर कच्चे तेल आणि तिखट. हिवाळ्यात रात्री घरी बसून जेवलेले दादा मी फार दिवसांनी पाहिले. जेवून ते उठू लागले, तेव्हा वहिनींनी काठी दाराआड नेऊन ठेवली. "आता जाऊ नका. जे खातीन ते खातीन डुकरं." दादा पुटपुटले, पण गेले नाहीत. सकाळी पाहिले तेव्हा वावराचा एक कोपरा उकरलेला होता. बाकी पीक शाबूत होते.

त्यानंतर मी त्या व्यवस्थेत लक्ष घातले नाही. रोज रिंग येते, असे वहिनींकडून समजत होते. पुढे एका बाजाराच्या दिवशी दादा माझ्या टेबलासमोर, पक्षकाराच्या खुर्चीत येऊन बसले. चेहरा तक्रारदाराचा होता.

"तुह्या वहिनीनं काल फोन उचल्ला."

"काय झाले होते?"

"काई नाई. लय थंडी हाय म्हणे, घरी या."

"मग तुम्ही?"

"मंग काय. गेलतो."

"आणि हरभरा?"

"काई झालं नाई त्याले." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "परवा बी उचल्ला होता. त्याच्या आंधी बी एकडाव. आता रिंग देली का मलेच समजत नाई, उचलते का नाई उचलत. चढतो आन् फोनकडं पाहत बसतो."

हा सरळसरळ कराराचा भंग होता. मी पेनाचे टोपण काढले आणि म्हणालो, "मी बोलतो वहिनींशी. एकदा समज दिली म्हणजे पुन्हा उचलणार नाहीत."

दादांनी घाईने माझ्या हातावर हात ठेवला.

"तू काई म्हणू नोको तिले," ते म्हणाले.