रद्द केलेले पेढे

दहावीत मला गणितात काठावर मार्क मिळाले आणि बाबांनी सेलूच्या हलवायाला सांगून ठेवलेले पेढे रद्द केले. "हे मार्क इंजिनीअरिंगले आडवे येतीन," असं ते पुढे दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत राहिले. त्या रागानेच मी सीईटीत चांगले मार्क काढले. तरी वर्ध्याला इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी कागदपत्रं तपासायला देताना मी दहावीची मार्कशीट सगळ्यात खाली ठेवली. टेबलावरच्या मॅडमनी दहावीच्या मार्कशीटवरचं नाव तेवढं पाहिलं आणि ती परत सरकवली.

"मार्क?" मी न राहवून विचारलं.

"दहावीचे मार्क इथं कोण पाहते?"

बाहेर बाबांना सांगितलं. "मंग मी काऊन बोंबलून राह्यलतो?" ते म्हणाले.

परतताना सेलूत त्यांनी आपणहून गाडी थांबवली आणि हलवायाला म्हणाले, "याचे दहावीचे पेढे दे."