डब्याचा लाल दोरा

त्या वर्षी भारतातून कांदा यायचा थांबला आणि इथे आखातात, आमच्या रुवीत जो तो कांद्याबद्दल बोलू लागला. अल मवालेहच्या घाऊक भाजीबाजारात भलत्याच देशांचे नारळाएवढे कांदे आले. त्यांना ना वास ना चव, आणि भाव ऐकून माणूस पिशवी घडी करून परत निघायचा. कोपऱ्यावरचा शंभर बैशांचा चहाही दीडशेला गेला होता. मी एसी दुरुस्तीची कामं करायचो. पगार चार वर्षं होता तिथेच होता.

त्यातच डब्याच्या काकूंनी महिन्याला पाच रियाल वाढवले. काकू रत्नागिरीकडच्या. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायच्या आणि वीसेक जणांना दुपारचा डबा द्यायच्या. पहाटे त्यांच्या दारातल्या टेबलावरून ज्याने त्याने आपला डबा उचलायचा आणि साइटवर जेवायचं. माझ्या डब्याच्या कडीला लाल दोरा होता. डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बांधला असेल, असं मी धरून चाललो होतो.

पाच रियाल ऐकून मी भडकलो. संध्याकाळी खोलीत नव्याने आलेल्या जोडीदाराला म्हणालो, "खलास. एक तारखेपासून डबा बंद. आधीच जेवण पाणचट, त्यात हा दुष्काळात तेरावा महिना."

"पाणचट?" तो म्हणाला. "अरे, साइटवर माझ्या नाकातून पाणी येतं."

त्याने दुपारचा अर्धा बांगडा रात्रीसाठी राखून ठेवला होता. डबा उघडून त्याने माझ्यापुढे सरकवला. एका घासात मला ठसका लागला. दुपारी माझ्याही डब्यात बांगडाच होता, पण नारळाच्या रसातला, फिका. चार वर्षं मी त्या फिक्या जेवणाला नावं ठेवत आलो होतो.

मग आठवलं. डबा लावला तेव्हा मी नुकताच काविळीतून उठलो होतो. डॉक्टरांनी सहा महिने तेल-तिखट बंद सांगितलंय, असं पहिल्याच दिवशी काकूंच्या कानावर घातलं होतं. पुढे मी बरा झालो आणि ते पार विसरून गेलो.

तसाच खाली गेलो. काकू मेथी निवडत बसल्या होत्या.

"काकू, माझी भाजी वेगळी करता?"

"मग? तुमचं पथ्य हाय ना."

"ते सहा महिन्यांचं होतं."

"संपलं म्हणून तुम्ही कधी सांगितलंत नाय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मी आपल्या मनानं कसं ठरवू?"

म्हणजे चार वर्षं रोज पहाटे माझ्यासाठी वेगळं पातेलं आणि वेगळी फोडणी. त्याचे जास्तीचे पैसे त्यांनी कधी मागितले नव्हते. मला स्वतःची लाज वाटली. परक्या मुलखात माझी तब्येत इतक्या मनापासून जपणारं माणूस एक मजला खाली राहत होतं आणि मी त्याचा डबा पाच रियालवरून बंद करायला निघालो होतो. पुढच्या महिन्याचे पैसे मी वाढीव दराने तिथेच दिले.

"काकू, आता सगळ्यांसारखंच द्या मला. पथ्य संपलं."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग तो दोरा तेवढा सोडा."

टेबलावर धुतलेले डबे पालथे घातले होते. मी माझा डबा उचलून गाठ सोडली. डब्याला चार वर्षांचे पोचे होते, पण दोरा कोरा लाल होता. जुना झिजला की त्या नवा बांधत आल्या होत्या.