हा कोणत्या पक्षाचा झेंडा?

मंडळी, आज सकाळी चूक माझीच झाली, म्हणून लिहिते.

मी लोणखेड्याजवळच्या एका दगडखाणीत मोजणीचं काम करते. खाणीतल्या चढउतारांसाठी मला फोर बाय फोर पिकअप दिलीय. तिच्या मागे उंच काठी आहे आणि काठीच्या टोकाला नारिंगी झेंडा.

सकाळी बोल्ट घ्यायला शहाद्यात गेले. दुकानदाराने गाडीकडे बघत विचारलं, "ताई, हाऊ कोणता पक्षना झेंडा शे?" दुकानातले सगळे हसले. गेल्या आठवड्यात पेट्रोल पंपावरही हेच ऐकलं होतं. वैताग आला. बाहेर येऊन मी काठी काढली आणि मागे आडवी टाकून दिली.

खाणीत आल्यावर ती परत लावायची विसरले. मी खाली उतरत होते, भरलेला डंपर वर चढत होता आणि वळणावर मध्येच मुरुमाचा मोठा ढीग. दोघांनी एकदमच ब्रेक दाबले. गाड्यांमध्ये जेमतेम दोन हात अंतर राहिलं.

डंपर चालवणारे भिकादादा खाली उतरले. ओरडले नाहीत. आडव्या काठीकडे बघून एवढंच म्हणाले, "ताई, ढीगना मांगे गाडी नही दिखस. झेंडा दिखस."

मी त्यांच्यासमोरच काठी उभी केली. नट दोनदा खाली पडला.

वैतागाच्या भरात बोल्टही चुकीच्या मापाचे आणलेत. उद्या त्याच दुकानात जायचंय, झेंडा लावूनच. पक्ष कोणता विचारलं तर काय सांगू?