तिळूच्या छातीतलं पाणी

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत भरमूआप्पांची हयात गेली. पोती रचायची, फिरवायची, ओल धरली का बघायची आणि उंदरांचा बंदोबस्त करायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे वखार सोडल्यावर त्यांच्या सदऱ्याच्या खिशातनं एक पाळीव उंदीर डोकं बाहेर काढून बघायला लागला, तेव्हा गल्लीला चांगलाच विषय मिळाला. शेजारचे नागोजी जाता-येता विचारायचे, "भरमू, गणपतीला कुठं सोडून आलास रं?" आप्पा हसायचे आणि खिसा जरा जपून धरायचे.

उंदीर खरं तर लेकीचा, तेजस्वीचा. बेळगावात फार्मसी शिकताना तिनं तो आणला होता. पांढऱ्याशुभ्र अंगावर बारीक काळे ठिपके, म्हणून नाव तिळू. पुढं तिला बेंगळूरला नोकरी लागली. तिथल्या घरमालकिणीनं उंदीर म्हटल्यावर दारच लावून घेतलं. मग पिंजरा निपाणीत आला. "थोडे दिवस सांभाळा आप्पा, दुसरी खोली मिळाली की नेते," असं सांगून पोरगी गेली. खोली काही मिळाली नाही.

आप्पांची बायको बेबीआक्का पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाहेर सोप्यात ऱ्हाऊ दे. माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवला तर मी हाय आणि त्यो हाय." तिळूनं तो हुकूम पाळला. तो सोप्यात राहिला, दोन्ही हातांत शेंगदाणा धरून माणसासारखा बसून खायला लागला आणि आप्पांची हाक ओळखायला शिकला. जन्मभर ज्या जातीला हाकललं, तिच्यातला एक आपल्या हाकेला येतो, याचं आप्पांना मनातनं लई नवल वाटायचं. पण असलं काही बोलायची त्यांना सवय नव्हती.

ऊन तापायला लागलं तसा तिळू सुस्तावला. शेंगदाणा हातात घ्यायचा आणि तसाच ठेवून द्यायचा. एका सकाळी आप्पांनी पाहिलं, तर त्याच्या कुशी भात्यासारख्या हलत होत्या आणि डोळ्यांभोवती लाल डाग पडले होते. रक्त आलं म्हणून ते घाबरले. त्यांनी तेजस्वीला व्हिडिओ कॉल लावला.

"आप्पा, ते रक्त न्हाय," ती म्हणाली. "उंदीर आजारी पडला की डोळ्यातनं तसं लाल पाणी येतंय. पण श्वास बरा दिसत न्हाय. बेळगावला न्या त्याला. तिथं डॉक्टर केयूर म्हणून हायत, बारकी जनावरं बघत्यात."

आप्पांनी झाकणाला भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात तिळूला घातलं आणि बेळगावची बस धरली. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता डब्याकडं बोट करून विचारलं, "एनिदु? काय हाय हे?"

"इली री," आप्पांनी कानडीतच सांगितलं. "उंदीर. दवाखान्याला न्यायलोय."

कंडक्टरनं एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा आप्पांच्या तोंडाकडं, आणि पुढं गेला. थोड्या वेळानं परत आला आणि म्हणाला, "खिडकीकडं बसा. वारं लागू दे त्याला."

डॉक्टर केयूर तरुण होते. त्यांनी तिळूची छाती तपासली, एक्स-रेचा फोटो काढला आणि तो उजेडाला धरून आप्पांना दाखवला. "हृदय मोठं झालंय, आप्पा. नीट पंप करत नाही. म्हणून छातीत पाणी साठतंय. हा आजार बरा होणार नाही. पण औषधानं श्वास मोकळा ठेवता येईल." दोन औषधं दिली, एक हृदयाला जोर देणारं आणि एक पाणी काढणारं. बिनसुईच्या सिरिंजमधनं, थेंब मोजून.

औषधाला गुण आला. तिळू पुन्हा आप्पांच्या हातावर चढला. आप्पांनी नागोजींनाही बोलावून दाखवलं.

पण आठवडाभरात वेगळंच सुरू झालं. पिंजऱ्यातली चिंधी सारखी ओली व्हायची. पाण्याची बाटली भरावी आणि रिकामी व्हावी. मग तिळूनं खाणंच सोडलं. मागचे पाय ओढत चालायला लागला, डोळे आत गेले. आप्पांना वाटलं, हृदयानं पुन्हा उचल खाल्ली. त्यांनी सिरिंजमध्ये पाण्याचं औषध नेहमीपेक्षा जास्त ओढलं.

बेबीआक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "थांबा," ती म्हणाली. "ते देऊ नका."

"का गं?"

"त्याचा श्वास बघा की. कुशी हलत न्हाईत. छातीत पाणी न्हाय. त्याच्या अंगातलं हाय न्हाय तेवढं पाणी गेलंय."

"तुला काय ठावं?"

"मला बी पाण्याची गोळी हाय न्हवं, बीपीची." आक्का पुढं आली आणि आजवर कधी नव्हे ती पिंजऱ्यापाशी बसली. "तोंडाला कोरड पडतीया. पोटऱ्यांत गोळे येत्यात. उठायला गेलं की डोळ्यापुढं अंधारी येतीया. ह्याचं बी तसंच झालंया."

आप्पांनी सिरिंज खाली ठेवली. "कधीपासनं होतंय तुला हे?"

"गोळी सुरू झाल्यापासनं."

"मग बोलली न्हाईस ती?"

"ह्याला रोज उठून इचारताय, तसं कुणी इचारलं असतं तर बोलले असते." तिच्या आवाजात राग नव्हता. बोट ओलं करून तिनं ते तिळूच्या तोंडाला लावलं. तो चाटायला लागला.

आप्पांनी डॉक्टरांना फोन लावला आणि जे दिसत होतं ते सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं वाढवलं नाही. उलट कमी करायला पाहिजे. घेऊन या, सलाईन देऊ थोडं." बेळगावात कातडीखाली टोचून ते पाणी दिल्यावर तिळू जरा ताठ बसला. डॉक्टरांनी नीट समजावलं, "हे औषध कमी पडलं तर छाती भरते, जास्त झालं तर अंग सुकतं. मधली वाट रोज बदलते. ती तुम्हालाच बघत राहावी लागणार."

परतीच्या बसमध्ये आप्पांच्या डोक्यात तिळूपेक्षा बेबीआक्काच जास्त होती. कितीतरी वेळा ती भाकऱ्या थापता थापता भिंत धरून उभी राहिलेली त्यांनी पाहिली होती. वय झालं, एवढंच त्यांना वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी ते तिला तिच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. रक्त तपासलं, तर अंगातले क्षार बरेच उतरलेले निघाले. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. काही दिवसांत पोटऱ्यांतले गोळे गेले. आक्कानं त्याचं फार कौतुक केलं नाही, पण आप्पांनी सकाळी "आज कसं वाटतंय?" म्हणून विचारलं की ती नीट उत्तर द्यायला लागली.

तिळूचं औषधही तिनं आपल्याकडं घेतलं. कडू म्हणून तो थुंकायचा, तर ती पिकल्या केळ्याच्या गरात कालवून भरवायची. कधी काकडीचा तुकडा, कधी पातळ पेज. श्वास वाढला की थेंब वाढवायचा, अंग सुकलं की डॉक्टरांना विचारून कमी करायचा. पाऊसकाळ असाच गेला.

दसऱ्याला तेजस्वी आली, तेव्हा कोणताच थेंब नीट लागू पडत नव्हता. तिघंही बेळगावला गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आता वाढवलं तर मूत्रपिंडं सोसणार नाहीत. नाही वाढवलं तर श्वास कोंडेल. त्याचे दिवस थोडेच राहिलेत. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

तेजस्वीनं बापाकडं पाहिलं.

आप्पांनी डब्याचं झाकण उघडून तिळूच्या पाठीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "वाढवा. तहान लागली तर पाणी पाजता येतंय. श्वास आम्हाला कुठनं आणून देता येणार?"

डॉक्टरांनी मान हलवली आणि औषध वाढवून लिहून दिलं. तेजस्वी सुट्टी संपेस्तोवर तिळूला पोटाशी धरून बसायची. तिचा हात तो अजून हुंगायचा. जाताना तिनं पिंजऱ्याचं दार दोनदा उघडलं आणि लावलं.

त्यानंतर एका दुपारी आप्पा बाजारातनं आले, तर बेबीआक्का सोप्यात भिंतीला टेकून बसलेली. तांदूळ निवडायचं ताट बाजूला सरकवलेलं, मांडीवर पदरात तिळू. "आत्ताच गेला," ती म्हणाली. "धडपडला न्हाय. दोनदा जोरात श्वास घेतला आणि थांबला."

आप्पा तिच्याजवळ खाली बसले. तिळूच्या अंगावर हात ठेवला. अजून ऊब होती.

संध्याकाळी घरामागच्या परड्यात त्याला पुरल्यावर त्यांनी तेजस्वीला फोन केला. ती रडत रडत विचारायला लागली, "लई त्रास झाला का हो त्याला, आप्पा?"

"न्हाय गं. तुझ्या आईच्या मांडीवर हुता," आप्पा म्हणाले. मग त्यांनी फोन बेबीआक्काच्या हातात दिला.